बुधवारचा कोरिया

अमरावती,
रविवार, ता. २९ जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप उद्धवदादाच्या सेवेशी धाकट्या शकुनचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि जबलपूरच्या थंडीत तुम्ही सगळेही तसेच असाल असे धरून चालते. वहिनींचा हिवताप उतरला का? कुनैन कडू लागते म्हणून त्या गादीखाली लपवतात हे तू लिहिलेस, तर आता गादी रोज उचलून बघत जा. आमच्याकडचे (म्हणजे तुझे मेहुणे) अकोल्याच्या कचेरीत आहेत तिथेच आहेत, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातात. सासू-सासऱ्यांचे विचारशील, तर आत्याबाईंच्या मनगटांचे दुखणे थंडीने वाढले आहे. मामाजींची तब्येत मात्र ठणठणीत आहे, आणि माझ्या सगळ्या अडचणीचे मूळ तेच आहे, कारण ठणठणीत माणसाला भूक वेळेवर लागते.

तुला आमच्या घरची रीत ठाऊक आहे, तरी लिहिते. मामाजी कापूसबाजारातून परततात ते दिवेलागणीला. हातपाय धुतले की पाटावर बसतात, आणि भाकर तव्यावरून उतरून थेट ताटात पडली पाहिजे. डब्यातली भाकर त्यांना चालत नाही. (डब्यातली भाकर प्रवासाला निघालेल्या माणसासाठी असते, असे त्यांचे म्हणणे. आपण घरीच असताना ती खाल्ली तर कुठे जायला निघालो होतो ते आठवत बसावे लागते.) आत्याबाईंना आता भाकरी थापवत नाहीत. आणि आमची शाळा दिवाळीपासून अर्धा तास उशिरा सुटू लागली. मी धावतपळत घरी येते तेव्हा मामाजी पाटावर बसलेले असतात आणि चूल थंड असते. ते रागावत नाहीत, दादा. रागावले असते तर मीही दोन शब्द बोलले असते. ते नुसते चुलीकडे बघतात, मग माझ्याकडे, मग परत चुलीकडे. मार्गशीर्षात एकदा हात धुताना म्हणाले, "सूनबाई, हे साल पुरं कर. उन्हायाच्या सुट्टीत शाळेले चिठ्ठी देऊन टाक." झाले. त्या दिवसापासून मला वर्गात नकाशा लावतानासुद्धा रडू येई. मला शाळा सोडवत नाही. समुद्र न पाहिलेली मी, समुद्र न पाहिलेल्या चाळीस मुलींना समुद्र शिकवते, आणि त्या विश्वास ठेवतात. असे सुख दुसऱ्या कुठल्या कामात असेल असे वाटत नाही.

अशा वेळी मला तुझा कोरिया आठवला. लढाई थांबल्यावर तुझी पलटण तिकडे गेली होती, आणि भाऊबीजेला आला होतास तेव्हा ओसरीवर बसून तू तिकडच्या गोष्टी सांगत होतास. कैद्यांवर पहारा, ओठ फुटतील अशी थंडी, वगैरे. मामाजी तेवढ्यापुरते ऐकून झोपायला गेले. पण छावणीतला तो स्वयंपाकी कसा झटपट जेवण करायचा ते तू मला नंतर सांगितलेस. एकीकडे भात रटरटतो आहे, दुसरीकडे कढईत खिमा, लसूण, आले, मिरची, थोडी गुळचट साखर, एक काळा खारट रस, वरून तिळाचे तेल. भात उतरायच्या आत खिमा तयार. एका वाडग्यात भात, त्यावर खिमा, त्यावर तीळ आणि कांद्याची पात, की जेवण संपले. म्हणजे करणे संपले. ना भाकर थापायची, ना वरण, ना भाजी. तू हे गंमत म्हणून सांगितलेस, पण माझ्या डोक्यात ते तेव्हापासून घोळत होते. एवढा मोठा देश, लढाई सोसलेला, तिथल्या बाया संध्याकाळी कामावरून येऊन हेच करत असतील का? त्यांचे सासरे पाटावर बसून चुलीकडे बघत असतील का? नकाशात कोरिया तळहाताएवढासुद्धा नाही, आणि त्यावर यातले काहीच लिहिलेले नाही.

पहिली अडचण काळ्या रसाची. तू म्हणालास की एका जातीचे दाणे मडक्यात महिनोनमहिने आंबवून तो करतात. कोणते दाणे ते तुला ठाऊक नव्हते. मी उडीद घेतले, मीठ घातले आणि मडके न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून वर पाट झाकला. महिनोनमहिने थांबण्याचा प्रसंग आलाच नाही. आठवड्याच्या आत शेजारच्या पंचफुलाबाई भिंतीवरून डोकावून विचारू लागल्या की तुमच्याकडे काही मेले आहे का. आत्याबाईंनी ते मडके नाक दाबून पपईच्या बुडाशी ओतले. (पपई अजून उभी आहे. पाने पिवळी पडली आहेत, पण त्याला थंडीही कारण असेल.) शेवटी मी विचार केला की काळे, खारट आणि जरासे आंबट एवढेच पाहिजे ना? मग काकवीत मीठ कालवले आणि चिंचेचा कोळ घातला. खऱ्या रसाशी त्याचे काय नाते आहे ते तूच येऊन सांग, पण बोट चाटावेसे वाटते एवढे खरे. तीळ संक्रांतीचे उरलेलेच होते.

मग संक्रांतीनंतरचा बुधवार ठरवला. सकाळी मामाजींना म्हटले, येताना थोडा खिमा आणाल का, आज नवीन पदार्थ आहे. ते हो म्हणाले. आता पुढचा घोटाळा कसा झाला तो नीट समजून घे, कारण तो आमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या घरात होणे शक्य नाही. मामाजींनी जन्मात खिमा घेतला नव्हता. हाडूक नसलेल्या मटणाला ते मटण म्हणत नाहीत. खाटकापाशी जाऊन खिमा मागितला तेव्हा त्याने आदराने विचारले, "काहून पाटील, दात गेले काय?" मामाजींचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. ते तिथेच तोंड उघडून दाखवणार होते, पण मागे गिऱ्हाइके होती. तर ती पुडी घेऊन ते विचार करत रोजच्यापेक्षा उशिरा घरी आले, आणि दारातच त्यांना भाताचा वास आला.

भात! वार बुधवार, ना सण ना सूद. आमच्या घरात तांदूळ निघतो तो सणाला, नाहीतर तापकऱ्याच्या पेजेला, नाहीतर पाहुण्याला. सण नव्हता. आत्याबाई अंगणात उभ्या होत्या, म्हणजे आजारी कोणी नव्हते. राहिला पाहुणा. आणि ज्या अर्थी सुनेने बिनहाडकाचे मटण बारीक कुटून आणायला सांगितले त्या अर्थी पाहुणा बिनदातांचा, म्हणजे वयस्क, म्हणजे मोठा माणूस. सुनेकडे येणारा मोठा माणूस म्हणजे शाळेचा कोणी साहेब, नोकरी सोडवू नका म्हणून आपल्याला गळ घालायला येणारा. हे सगळे त्यांनी दारापासून ओसरीपर्यंत येता येता जुळवले. मला एक अक्षर विचारले नाही. (पाहुणा कोण हे सुनेला विचारणे म्हणजे आपल्याला सांगितले नाही हे कबूल करणे.) पुडी परसात ठेवली, पेटीतून लग्नातला काळा कोट काढला, टोपी झटकून घातली, आणि बैठकीवर दाराकडे तोंड करून बसले.

मी चुलीशी. भात उतरला. मामाजी पाटावर येईनात. मला वाटले, आज दमले असतील. इकडे पंचफुलाबाईंनी मामाजींना कोटात पाहिले आणि कोणीतरी मुलगी बघायला येत आहे असे ठरवून (आमच्या घरात मुलगी नाही, तरी) ओट्यावर येऊन बसल्या. झटपट जेवणाच्या त्या दिवशी आमच्या घरी जेवायला जितका उशीर झाला तितका आजवर कधी झाला नव्हता. शेवटी आत्याबाई बाहेर जाऊन म्हणाल्या, "कोनाची वाट पाहून राहिले?" मामाजी म्हणाले, "तुमीच सांगा कोनाची." मी पदर सावरून सांगितले की कोणीच येणार नाही, आजपासून बुधवारी भातच. मामाजींनी कोटाची बटणे एकेक करून सोडली आणि फक्त एवढे म्हणाले, "मंग खाटकानं जे म्हटलं ते कायच्यासाठी आयकून घेतलं मी?"

आणि आता ऐक. एवढी तयारी करून मी एक गोष्ट साफ विसरले होते. भूगोल शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या घराचा नकाशा आठवला नाही. आमच्याकडे मटण स्वयंपाकघरात जात नाही. ते परसात तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, म्हणजे गंजात होते, आणि ते बायकांनी करायचे नसते. पुरुषच करतात. म्हणजे माझा कोरिया रांधणार कोण, तर मामाजी! मी पुडीकडे बघत उभी राहिले. मामाजी भुकेने इतके कासावीस झाले होते की वाद न घालता धोतर खोचून परसात बसले. मी उंबरठ्यात उभी राहून सांगत गेले आणि ते करत गेले. लसूण, आले, खिमा, काळा रस. मी म्हटले, झाले, उतरवा. ते उतरवेनात. त्यांचा रविवारचा रस्सा दुपारभर शिजतो. "एवढ्यात शिजते त्याले मटण म्हनत नाई, पोहे म्हनतात," म्हणून आणखी थोडा वेळ ढवळत राहिले. मग वाडग्याचा प्रश्न आला. हातात भांडे धरून जेवतो तो बैरागी, असे आत्याबाई म्हणाल्या. शेवटी तिवस्याच्या शेतघरून आलेला काशाचा मोठा वाडगा पाटासमोर जमिनीवर ठेवला आणि भात, खिमा, तीळ, पात असे रचून दिले.

मामाजी जेवले. परत वाढून घेतले. गंज बोटाने पुसून झाल्यावर म्हणाले, "परवा पुन्हा करून पाहू. आज आच जास्त झाली." दादा, मला तिथेच रडू आले, आणि मी ते कांद्याच्या पातीवर ढकलले.

त्याच शुक्रवारी त्यांनी स्वतःहून खिमा आणला. (खाटकाला आधी दात दाखवले, मग पुडी घेतली.) मी शाळेतून आले तर चूल पेटलेली आणि मामाजी परसात. आता पदार्थाचे नावच कोरिया पडले आहे. काल बाजारातले त्यांचे सोबती नत्थुजी यांना आग्रहाने जेवायला आणून त्यांच्यापुढे वाडगा ठेवला आणि आपण शोध लावल्यासारखे शेजारी बसले. आणि नत्थुजी गेल्यावर मामाजी मला म्हणाले, "बुधवारी, शुक्रवारी सावकाश येत जा. शाळेतून धावत येते तं लोक काय म्हनतील?" बाकीच्या दिवशी मी शाळेला जाण्याआधीच भाकरी करून फडक्यात गुंडाळते, आणि तेही आता ते प्रवासाचे काही न बोलता खातात. चिठ्ठीचे नाव कोणी काढत नाही. मीही काढत नाही.

तू पुढच्या महिन्यात रजेवर येणार आहेस तर वहिनींनाही आण. त्यांना चिखलदरा दाखवू. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला मधले जे काही उरेल ते.

तुझी,
शकुन

ता. क. : खरे तर पत्र याचसाठी लिहायला घेतले होते. काल नत्थुजींनी जेवता जेवता विचारले की कोरियातले बकरे कसे असतात, आपल्यासारखेच का? मामाजी म्हणाले, "उद्धवराव येऊन राहिले, त्यायलेच विचारू." तेव्हा तू आलास की पहिला प्रश्न तोच होईल, आणि तुला खोटे बोलता येत नाही ही आपल्या घराची जुनी अडचण आहे. भाऊबीजेला तू मला हळूच सांगितलेस की तिकडे तो खिमा बैलाचा असतो, आणि मी तुला चिमटा काढून गप्प केले. मामाजी दर पंधरा दिवसांनी तिवस्याला जातात ते शेत बघायला नाही, मोत्या आणि हरण्या या बैलांना गूळ चारायला. पोळ्याच्या दिवशी त्या दोघांच्या आधी पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांना हे कळले तर गंज उकिरड्यावर जाईल, कोरिया जाईल आणि त्यामागोमाग माझी शाळा. म्हणून हात जोडून सांगते, बकरा म्हण. काळा का पांढरा ते तुझ्यावर सोडते. तू तिकडे तो खाल्लास का हे मी तेव्हा विचारले नाही, आताही विचारत नाही.

ता. क. दुसरा : पत्र बंद करण्याआधी आत्याबाईंनी ते मोठ्याने वाचायला लावले. मी वरचा ता. क. गाळून वाचला. त्यांना अक्षर येत नाही, पण डोळे शाबूत आहेत. म्हणाल्या, "खालचं काहून सोडलं? शाई फुकट आली काय?" वाचावे लागले. त्यांनी मनगटे चोळली आणि म्हणाल्या, लिही. आता पुढचे त्या सांगतात तसे जसेच्या तसे उतरवते.

"उद्धवराव, मले हे भाऊबीजेपासून ठाऊक हाय. तुमी ओसरीवर सांगून राहिले होते तवा मी भिंतीआड तुमच्याच सकायच्या जेवनाचे तांदूळ निवडून राहिली होती. म्या कोनाले सांगतलं नाई. बकरा आपला, चूल आपली, मंग त्या लोकाईच्या घरात काय शिजते त्याचं आपल्याले काय करा लागते? मी या घरात आली तवापासून या मानसाले रोज ऊन भाकर देल्ली. आता हप्त्यातून दोन सांजा तो चुलीपुढं धुपते अन् मी बाजीवर बसून पाहतो. असं सुख माह्या मायलेबी भेटलं नाई. तवा तुमी बकराच सांगजा, अन् डोये वर करून सांगजा. खाल्लं का नाई ते मलेबी सांगू नोका. अन् सरकार दुसऱ्या कोन्या देशात धाडत असन तं नाई म्हनू नोका, बिनधोक जा. तिथं मानसं काय रांधतात ते नीट पाहून या. हप्त्याचे पाच वार अजून बाकी हायेत."