दारातले बूट

प्रिय बाईसाहेब,

पाऊस थांबलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही इथे मळ्यावर पोचलो त्या संध्याकाळी सुरू झाला, तो अजून चालूच आहे. आपण मुद्दाम कोरडा महिना निवडला होता, पण छत्री घरी विसरली की आभाळाला ते बरोबर कळतं. तू काळजी करू नकोस. भट्टीतली पहाटेची पाळी संपवून आली असशील, कोपरावरचं पीठ धू, चहा घे आणि मग निवांत वाच. सगळे ठणठणीत आहेत. धाकट्या ढब्बूला थोडी सर्दी आहे, पण त्याला ती नसते कधी? माझ्या सासूबाई पत्त्यांत रोज मला हरवतात आणि वर माझ्याकडूनच पाय चेपून घेतात.

आपली सुपरवायझर लेक पहिल्या दिवशी अगदी घरी वागते तशीच वागली. पहिला थेंब पडला आणि तिनं हात पुढे केला. आम्ही मुकाट्यानं बूट काढून दिले आणि ते सगळे कपाटाच्या डोक्यावर गेले. मग ब्रेड, टॉर्च आणि ढब्बूची बाटली भरलेली तिची पिशवी पाठीला लागली, ती लागलीच. गेल्या वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा टेबलावर उभं राहून तिनं स्वतःचे लाल बूट दारातून तरंगत जाताना पाहिले होते, ते काही तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून पाऊस आला की बाहेर पाऊल नाही, शाळा नाही, पोटभर जेवण नाही. हे घर टेकाडावर आहे, इथे पाणी यायचं तर आधी अख्खा मुलूख बुडायला हवा, पण हे सहा वर्षांच्या पोरीला कोण पटवणार? आणि आपण मोठे तरी कुठे शहाणे? मी आपल्या घरातले सगळे स्विचबोर्ड खांद्याच्या उंचीवर नेले, दारावर चपलांसाठी फळी ठोकली. तू पिठाचा डबा माळ्यावर टाकलास. सासूबाई झोपताना कवळीची वाटीसुद्धा कपाटावर ठेवतात. पोर आपल्याकडे बघूनच शिकणार ना!

आता दुसऱ्या दिवशीची गंमत ऐक. या मळ्याच्या मालकीणबाई मोठ्या कामाच्या, बोलायला मात्र वेळ नसलेल्या. त्यांच्या घरची रीत अशी की बूट दारात असले म्हणजे माणसं घरात, बूट नसले म्हणजे माणसं बाहेर. हाक मारायची नाही, उगाच डोकवायचं नाही. सकाळी त्यांनी पाहिलं, तर दारात एकही बूट नाही. बाईंना वाटलं, बघा, एवढ्या पावसात लेकरांना घेऊन फिरायला गेले, हौशी माणसं! त्यांनी बाहेरून दाराला भलंमोठं कुलूप घातलं आणि बाजाराला निघून गेल्या. आम्ही आत, वरच्या खोलीत, अंथरुणात.

खाली येऊन दार ओढलं तेव्हा हे कळलं. पाऊस, बंद दार आणि ही पोर, म्हणजे तिला ज्याची स्वप्नं पडतात नेमकं तेच. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर पिशवी पोटाशी धरून बसली. चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी करा. मग मी बाप असल्याचं दाखवायला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर उतरायचं ठरवलं. डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोटाशी येऊन गाडी थांबली. तुमच्या भट्टीतले पाव रोज घरी आणतेस, त्याचा हा परिणाम, मी एकटाच दोषी नाही. वर छपराची पन्हळ नेमकी त्याच जागी फुटलेली, तिचं सगळं पाणी माझ्या टकलावर. पुढे जाता येईना, मागे येता येईना. आतून सासूबाई माझे पाय ओढत ओरडताहेत, "जावईबापू, श्वास सोडा की, धरून काय ठेवलाय!" ढब्बू टाळ्या वाजवतोय. आणि तेवढ्यात मला हसण्याचा आवाज आला. आधी मला वाटलं ढब्बूच. पण नाही गं, ती हसत होती. गुदगुल्या केल्यासारखी, थांबता थांबेना. बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना आपली पोर हसत होती. मी आणखी थोडा वेळ अडकून राहिलो. खरं सांगतो, निघता येत होतं तरी राहिलो.

मालकीणबाई परतल्या आणि मला खिडकीत बघून त्यांच्या हातातली पिशवीच पडली. बिचाऱ्या किती ओशाळल्या! टॉवेलनं माझं डोकं पुसता पुसता पोरीनं त्यांना विचारलं, "एवढं पाणी बाबाच्या डोक्यावरून जातं कुठे?" मी काही सारवासारव करणार, तोच बाई म्हणाल्या, "चल, दाखवते." मला वाटलं, आता ही खोलीत पळणार. ती दारापर्यंत गेली. मग मला म्हणाली, "माझे बूट काढून दे."

अशी आमची पहिली सहल निघाली, पाण्याच्या मागे मागे. पन्हळीतून पिंपात, पिंप भरून अंगणातल्या चरात, चरातून गोठ्याच्या कडेनं, वाटेखालच्या पाइपातून पलीकडे. सुपरवायझरच्या हातात काठी, प्रत्येक ठिकाणी खोली तपासल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. एका हातानं मला इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. शेवटी उतारावर एक मोठं सखल शेत आलं, सगळं पाण्यानं भरलेलं, त्यात बदकं. बाई म्हणाल्या, "इथे आम्ही काही पेरत नाही. हे पाण्यासाठीच सोडलंय. त्यालाही कुठेतरी टेकायला जागा हवी ना?" पोर बघतच राहिली. मग तिनं विचारलं, हे भरलं तर? बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, मग त्याच्या खालचं, आणि तेही भरलं तर आपण गुरं घेऊन वर जायचं, वाट ठरलेली आहे. तिनं मान हलवली. मला वाटतं, आपण तिला वर्षभर "काही होणार नाही" एवढंच सांगत आलो, आणि तिला वाट जाणून घ्यायची होती.

तेवढ्यात ढब्बू चिखलात फतकल मारून बसला आणि भूक लागली म्हणून त्यानं भोकाड पसरलं. आणि बाईसाहेब, आपल्या पोरीनं पिशवी उघडली. जिला आजवर कुणाला हात लावू दिला नाही, ती पिशवी. ब्रेड काढला, त्याला दिला, मग सासूबाईंना, बाईंना, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, उरलेला बदकांना. तूच निघताना दिलेला पाव तो, कडक झाला होता. चावता चावता मला रडू आलं. पावसात रडण्याचा एक फायदा असतो, कुणाला काही कळत नाही. सासूबाईंना कळलं, पण त्या बदकांकडे बघत राहिल्या.

त्यानंतर रोज सहल आहे. जुनी यंत्रं ठेवलेली एक शेड बघायला बसनं गेलो, तर पावसामुळे ती बंद. मग थांब्याच्या छपराखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चिखलाला नावं ठेवली. ढब्बूच्या मते ही आतापर्यंतची सर्वांत उत्तम सहल. काल पोस्टात गेलो, तिथल्या बाईंनी दोघांना पाकिटांवर शिक्के मारू दिले. या पत्रावरचा वाकडा शिक्का ढब्बूच मारणार आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. जोरात वीज कडाडली की ती अजून माझ्या कुशीत शिरते. पण आता जेवते, झोपते, आणि सकाळी उठून विचारते की आज कुठल्या पाण्याच्या मागे जायचं.

आता मुद्द्याचं. निघताना तू मला बाजूला घेऊन म्हणाली होतीस, "पोरीला विचारू नकोस, नुसतं बघ, आणि मला कळव." घरमालकाला शनिवारी उत्तर द्यायचंय, आपलं खालचं घर ठेवायचं की लांबचं ते वरच्या मजल्यावरचं घ्यायचं. नदीचा बांध आता उंच झालाय, इंजिनियर सांगून गेलाय, तुझी भट्टी दोन गल्ल्यांवर आहे, हे सगळं आपल्याला माहीत होतं. अडलं होतं ते फक्त पोरीपाशी. तर मी बघितलं. आज सकाळी खाली आलो, बाहेर मुसळधार पाऊस, आणि दारात चिखलानं भरलेले तिचे बूट. एक उभा, एक आडवा, पोरं काढून फेकतात तसे. कपाटावर काही नव्हतं, कवळीसुद्धा नाही. मी उशिरापर्यंत तिथेच पायरीवर बसून होतो, तिला काही बोललो नाही. घरमालकाला सांग, आम्ही खालच्या घरातच राहतोय. आणि दारावरची ती फळी, मी येईपर्यंत थांबू नकोस, आजच काढून टाक.

तुझाच,
खिडकीत अडकलेला