पुन्हा म्हणायचं होतं

माय, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. मी आता पोरीकडे असते, जर्मनीत, ब्राउनश्वाइगला. नातीला सांभाळते. मी मराठीत दटावलं की ती जर्मनमध्ये उलटून बोलते, म्हणजे कान शाबूत आहेत.

पोरीची एक मैत्रीण पुण्याची, इथं कानांचं शिकते. मराठी माणसाचे कान तपासायला तिनं शब्दांची यादी केली, पण ती सगळी पुण्याच्या तोंडची. वऱ्हाडच्या बाईला चालते का ते बघायला तिनं मला बसवलं. खोलीला हे जाड दार. ते लागलं की इतकं चिडीचूप, की माझ्याच अंगातलं रक्त मला ऐकू येतं. हेडफोनात एक बाई म्हणते, "पेरू." मी गप्प. "बटाटा." मी गप्प. तिचा आवाज बारीक बारीक होत जातो, जशी काही भिंतीत शिरत चालली आहे. मी मांडीवर हात ठेवून बसलेली. खाली बघते तर हात तुझे. शहरातल्या दवाखान्यात कान तपासताना तू अशीच बसली होतीस.

ती पुण्याची पोरगी दार उघडून म्हणाली, "काकू, ऐकू नाही आलं?"

"आलं की. बहिरी आहे का मी?"

"मग ती म्हणते ते पुन्हा म्हणायचं होतं ना!"

"वेडावू तिला? बोलणाऱ्याचं बोलणं तसंच्या तसं परत केलं तर आमच्याकडे थोबाडीत बसते."

मला वाटलं हसेल. ती इथल्या लोकांसारखं "आल्झो...", म्हणजे "तर मग...", म्हणून थांबली, मग म्हणाली, "अशा किती बायकांना आम्ही बहिऱ्या ठरवलं असेल, काकू?"

एक तर मला माहीत होती. सांगितली नाही.

मग तिनं यादी बदलली. पेरूचा जांब केला, बटाट्याचा आलू. तोंडानं काही म्हणायचं नाही, नुसतं चित्रावर बोट ठेवायचं. शब्द माझ्या आवाजात भरले आणि मलाच ऐकवले. माय, त्या हेडफोनात माझा आवाज नव्हता. तू बोलत होतीस. बाबा गेल्यावर तू बोलणं टाकलंस, त्याच्या आधीचा तुझा आवाज. मी हेडफोन काढून फेकला.

तुझ्या कागदावर डॉक्टरनं बहिरी लिहिलं आणि आम्ही तुझ्यासमोर आवाज खाली करणं सोडलं. एकदा स्वयंपाकघरात तू मेथी निवडत होतीस आणि मी वहिनीला म्हटलं, "हिला देवानं उचललं तर सगळे सुटतील." तू मला गरम भाकरी वाढलीस. आजवर मी स्वतःला सांगत आले, तिला कुठं ऐकू गेलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मोठ्यानं वाचायचंही नाही. तू ऐकशील. त्या दिवशी मेथीवरचा तुझा हात थांबला होता, माय. मी पाहिलं होतं.