शिवतेजच्या खोलीतलं शूटिंग

कोरेगाव,
रविवार

प्रिय स्वानंदी,

तुझा सिनेमा येत्या शनिवारी साताऱ्यात दाखवणार, हे वाचून इतका आनंद झाला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. पोरी, तू जिद्दीची खरी!

काही वर्षांपूर्वी तू वाईहून चार पोरापोरींना घेऊन आलीस आणि दारातच म्हणालीस, "काकू, शूटिंगला आठवडाभर घर द्याल?" गोष्ट काय, तर नवरा गेलेली सून आणि तिची सासू. कुणीतरी आमचं सांगितलं असणार, असं वाटून मी चिडलेच होते. तुला खरंच काही ठाऊक नव्हतं. साताऱ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली माझा शिवतेज गेला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मागे उरलो मी आणि सून प्रांजल. एकमेकींना जपायच्या नादात आम्ही त्याचं नावही घेत नव्हतो. ती खोलीत तोंड दाबून रडायची, मी न्हाणीत नळ सोडून. जेवताना बोलायचो ते भाजीत मीठ बरोबर पडलंय का, एवढंच. घर द्यायला 'हो' म्हणाली ती प्रांजलच.

सासूचं काम करणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि तू मलाच उभं केलंस. शिवतेजच्या खोलीत, त्याच्याच शर्टांच्या घड्या घालत एक वाक्य म्हणायचं होतं: "माझ्यासाठी अडकून राहू नकोस." समोर तुझी नटी बसली होती आणि कॅमेऱ्यामागे तिच्या साडीला लावायच्या पिना हातात घेऊन प्रांजल. नटीकडे बघत मी वाक्य सुरू केलं. नजर तिच्यावरून सरकून मागे गेली आणि मग मी बोलले ते प्रांजलशी. तू लिहून दिलं नव्हतंस तेही बोलले. "शिवतेज गेला गं. तू नाही गेलीस." तू 'कट' म्हणायचं विसरलीस. प्रांजल पिना तिथंच टाकून परसात निघून गेली.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. तुम्ही चहाला बाहेर गेलात तेव्हा समोर येऊन उभी राहिली. "आई, मला घालवताय का?" मी म्हटलं, "जा म्हणतेय बाळा, येऊ नकोस कुठं म्हणतेय?" मग आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडलो. त्यानंतर त्याच्या खोड्या आठवून हसलोसुद्धा. तू परत आलीस तेव्हा आमचे सुजलेले डोळे बघून काहीच विचारलं नाहीस. तुझं ते न विचारणं मी विसरलेले नाही.

पुढच्या जूनमध्ये तिनं सांगलीत शाळेत नोकरी धरली. तिथंच वीरधवल भेटला. लग्नाचं विचारायला तो आधी माझ्याकडे आला. लोक बोलायचं ते बोलले. मी मात्र नवी इरकल नेसून लग्नात सगळ्यांत पुढे बसले.

एवढं सगळं आज लिहितेय, कारण शनिवारी मी तुझ्या शोला येऊ शकणार नाही. माझी खुर्ची रिकामी बघून म्हातारीला जुनं दुःख पडद्यावर बघवलं नसेल, असं तुला वाटू नये. प्रांजलचे दिवस भरलेत. तिची आई लहानपणीच गेली. सांगलीला वीरधवलच्या आईंनी सगळी तयारी करून ठेवली होती. पण ही म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच असतं," आणि बॅग घेऊन माझ्याकडे आली. तेल लावायला येणाऱ्या धोंडुबाईंनी विचारलं, "आवं, ही तर तुमची सून न्हवं?" तर मी तोंड उघडायच्या आत हीच त्यांच्या बोलीत म्हणाली, "व्हय, पर माझं म्हायेर हितंच हाय." डॉक्टरांनी शनिवारचीच तारीख दिलीय. तुझे उपकार मानायला मला तिच्या त्या उत्तराहून चांगले शब्द सापडत नाहीत. आता थांबते. कंबर धरलीय म्हणून ती आतून हाका मारतेय.

तुझीच,
संयोगिताकाकू