सुभद्राआत्याची दाढ

कुरुळी,
६ फेब्रुवारी २०२४

चि. विजू,
अ. उ. आ.

सुभद्राआत्या ही चिठ्ठी घेऊन तुझ्या दवाखान्यात येईल. फोन केला असता तर मी काहीतरी खोटं बोलले असते.

तिच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल मी महिन्यापूर्वी केलं. ठणका थांबला नाही. पुन्हा उघडली, तरी थांबेना. तुझ्याकडे पाठवावं असं तेव्हाच वाटलं होतं, पण मन होईना. काल तिसऱ्यांदा उघडली आणि मूळ घासायच्या बारीक फाइलचं टोक तुटून आत अडकलं.

तुझा हेवा वाटतो गं. माझं लग्न ठरलं म्हणून मी बीडीएसवर थांबले. तू पुढे शिकून रूट कॅनालची स्पेशालिस्ट झालीस. पिंपळे सौदागरच्या तुझ्या पाटीचा फोटो आपले आबा अजून लोकांना दाखवतात. माझ्या पाटीखाली ते रोज चपला काढतात, वर बघत नाहीत.

तुकड्याचं आत्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, एवढं ऐक.

तुझी,
तेजलताई


पिंपळे सौदागर,
९ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत्याला मी सांगितलं. एक्स-रे बघून तिनंच विचारलं, ही सुई कसली. खोटं बोलून तिच्या तोंडात हात घालणं मला जमलं नसतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, तेजलला येत न्हाई म्हणायला लई जड जातं, लहानपणापासनं.

तुकडा निघाला नाही. त्याच्या कडेनं वाट काढून मूळ साफ केलं. दुखणं मात्र त्याचं नव्हतंच. आत मुळाचा चौथा कॅनाल होता, केसाएवढी नळी. मायक्रोस्कोप असूनही मला तो तासभर सापडला नाही. तुला दिसला नसताच.

आता माझंही ऐक. तीन वर्षं तू अवघड दाढा थेरगावच्या स्पेशालिस्ट सरांकडे पाठवतेस. तू स्पेशालिस्ट असताना तुझ्या बहिणीचे पेशंट माझ्याकडे का येतात, असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. घरी येताना डांगे चौकात गाडी बाजूला घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले.

दाढेवर कॅप तूच बसव. आत्यालाही तेच हवंय. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
विजू


कुरुळी,
२३ फेब्रुवारी २०२४

चि. विजू,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. मग आत्या कॅपच्या मापाला आली. मी तिची माफी मागितली, तर तिनं हातानंच झटकून टाकली आणि विजूचा हात किती हलका हाय, ते सांगत बसली. माप घ्यायचा मसाला तोंडात होता तेवढीच काय ती शांतता. मी आतून जळत होते. एवढ्यात ते जाईल असं वाटत नाही.

ही चिठ्ठी घेऊन माझे पेशंट हिंदुराव येताहेत, चाकणला कंपनीत शिफ्टला असतात. खालची शेवटची दाढ, मुळं फार वाकडी. सकाळी मी ड्रिल हातात घेतलं होतं. एक्स-रे पुन्हा पाहिला आणि ठेवून दिलं. दाढ उघडलेली नाही.

हे माझ्या बहिणीचं काम आहे, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, चार वर्षं तुमच्याकडे येतोय, तुम्हाला बहीण आहे हे कधी बोलला नाहीत.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
ताई