पडद्यामागचं टेबल

६ जून
घरपट्टीचा नवा फॉर्म आज मीच भरला. बाबा इस्त्री फिरवत म्हणाले, "घरगुती लिही. गल्लीत सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, सगळे लिहितात म्हणून खोटं खरं होतं का? पुढच्या खोलीत आपलं इस्त्रीचं दुकान आहेच ना! टेप लावून खोली मोजली. चौदा बाय दहा. 'व्यावसायिक वापर' लिहिलं. बाबांनी न वाचता सही केली. "तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."
घरातली पहिली पदवीधर. काय ती ऐट माझी!

२ जुलै
मी शिकवणीला गेले असताना मोजणीचे साहेब येऊन गेले म्हणे.

१९ ऑगस्ट
नोटीस. अख्ख्या खोलीला दुकानाची घरपट्टी. मीटरलाही दुकानाचा दर, वर वीजकर. आणि इस्त्री तर दिवसभर चालते. आई एवढंच म्हणाली, "पोरीला शिकवलं. आता आपण धडे घ्यायचे."

३० ऑगस्ट
बाबांनी माळ्यावरून कोळशाची इस्त्री काढली. एका पांढऱ्या शर्टावर ठिणगी उडाली. गिऱ्हाईक जुनं, ओरडलं नाही. पुन्हा आलंही नाही.

११ सप्टेंबर
दुकान बंद. बाबा उद्यापासून हॉटेलच्या लाँड्रीत. "तिथं विजेचं बिल मालक भरतो. मी आपला राजा," म्हणाले. कोणी हसलं नाही.

१५ सप्टेंबर
कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, राहत्या घरात शंभर चौरस फुटांपर्यंतचं स्वतःचं काम घरगुतीच धरतात — फॉर्मच्या मागे छापलंय. मागची बाजू मी वाचलीच नव्हती.
"खोलीत राहण्याचा भाग नव्हता का काही?"
होता. पडद्यामागे पाच फूट — माझं टेबल, माझी पुस्तकं. कपड्यांचे ढीग छताला लागले तरी बाबांनी ती जागा कधी घेतली नाही. मी मात्र ती दुकानात मोजली. ती सोडली तर दुकान नऊ बाय दहा, नव्वदच फूट.
बाईंनी फाइल उघडली. "साहेबांनी विचारलं होतं की तुमच्या वडिलांना." शेरा होता — 'टेबल गिऱ्हाइकांचे कपडे ठेवण्यासाठी, असे मालक सांगतात.'
हरकतीची मुदत संपलेली.

१६ सप्टेंबर
सकाळी विचारलं, असं का सांगितलंत? बाबा चपला घालत होते. "ते म्हणाले, फॉर्म चुकलाय, कोणी भरला? मी म्हटलं, बरोबर आहे. माझ्या मुलीने भरलाय."