पाकिटातला दुसरा कागद

चामराजपेट, बेंगळूरु
१२ जून २०२५

ती. कावेरीअक्कास,
सा. न. वि. वि.

आमच्या समितीने जीव नकोसा केलाय. राज्याचे जुने कायदे चाळायचे, बाईला कुठे कमी लेखलंय ते हुडकायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘विषम, वगळावे’ असं लिहायचं. काल एका नियमात मुलगी लग्नापर्यंतच घरातली निघाली. त्यानंतर ती काय हवेत विरते, असं मी तावातावाने विचारलं. समितीतले कृष्णमूर्तीसाहेब म्हणाले, स्वल्प हळू, राव. हा मसुदा आमच्या वडिलांचा आहे. तरी मी तो खोडलाच.

तुझ्या घरमालकाला ऑगस्टअखेर जागा रिकामी हवी, हे कळलं. राजाजीनगरातच एखादी खोली बघतो.

लोभ आहेच, तो समितीच्या बैठकांइतका लांबावा.

तुझा
नरसिंह

ता. क. अण्णांना जाऊन वर्ष झालं. सोबत वडिलांच्या या घराचं हक्कसोडपत्र आहे. वकिलांनी खुणा केल्यात तिथे सह्या कर. रीतीप्रमाणे तुझ्या भावजयीने, सुप्रीताने, तुला इरकल साडी काढून ठेवलीय.

राजाजीनगर
१७ जून

चि. नरसिंहास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अभिमान वाटला. तो दुसरा कागद उघडेपर्यंत टिकला. कृष्णमूर्तींच्या वडिलांचा मसुदा खोडणारा तू. तुझा मसुदा कोणत्या समितीपुढे न्यायचा?

लग्नानंतर मी हवेत विरले नव्हते, बाळा. दर शनिवारी बसने येऊन अण्णांची नखं कापत होते. तू तेव्हा परिषदांना असायचास.

सही केलेली नाही. खुणेच्या जागी लाल पेन्सिलीने शेरा लिहिलाय, तुझ्याच शब्दांत. माझ्यासाठी खोली शोधू नकोस. अण्णांची पुढची खोली आहे, तिथली तुझी कपाटं हलव. साडी मात्र घेईन, भेट म्हणून.

सुप्रीताला माया, तुला उरली तर.

कावेरी

चामराजपेट
२३ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

शेरा पोचला. सुप्रीताने तो मोठ्याने वाचला, दोनदा. वकिलांना कागद परत केला. त्यांनी कारण विचारलं, मी खोकलो.

कपाटं हलवली, पाठ धरलीय. दारावरच्या पाटीसाठी रंगारी आलाय. दोन नावं म्हटल्यावर वर कोणाचं, असं विचारतोय. तू मोठी, म्हणून तुझं वर घालायला सांगितलंय. एवढी विषमता राहू दे.

लाल पेन्सिल तिकडेच ठेवून यावी, लोभ घेऊन यावा.

तुझा
नरसिंह