सई आता रडत नाही

सोम., ३ नोव्हें.
सुट्टी संपली. काल संध्याकाळी सईला हमरापूरला आजीकडे सोडून आम्ही दोघं रोह्याला परत. निघताना रडली नाही. मागच्या वर्षी माझी ओढणी घट्ट धरून बसली होती, सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं होतं. या वेळी अंगणापर्यंत आली, म्हणाली, "आई, तुझा चष्मा आतच राहिला." पळत जाऊन आणून दिला. स्टेशनवर सुधीर म्हणाला, "बघ, शहाणी झाली." तिसरीतली पोर ती. हो म्हटलं. गाडीत बसल्यावर वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.
शाळेत निम्मे वर्ग रिकामे. कातकरवाडीतली घरं वीटभट्टीवर निघायच्या तयारीत. केंद्रप्रमुखांचा मेसेज: एकही मूल गावाबाहेर जाता कामा नये.

मंगळ., ४ नोव्हें.
दिवसभर माहिती. पोषण आहाराची, आधारची, शौचालयांची. प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर "तात्काळ". चौथीचा तास घ्यायचा होता, राहिला. पेणजवळच्या शाळेत साधी शिक्षिका होते तेव्हा सई बालवाडी सुटली की येऊन माझ्या टेबलाखाली चटईवर झोपायची. मग मुख्याध्यापिका म्हणून ही पदोन्नती, रोह्याच्या पुढची शाळा, सुधीरची धाटावला कंपनीत शिफ्ट. पोरीकडे बघणार कोण? थोडे दिवस राहू दे आजीकडे, असं ठरलं होतं. कसले थोडे दिवस.

गुरु., ६ नोव्हें.
सकाळीच वाडीवर. टेम्पो उभाच होता. चटया, पातेली, कोंबड्यांचा खुराडा, वर कुत्रंसुद्धा चढवलेलं. चौथीतली मंदा आईच्या मांडीला चिकटून. हुशार पोर, वाचायला लागली की थांबत नाही. तिच्या आईला, सुगंधाला, सगळं सांगितलं: आजीजवळ ठेव, हंगामी वसतिगृह योजनेतून दोन्ही वेळचं जेवण शाळेत मिळेल, वर्ष वाया जाणार नाही. ती नुसती मान हलवत होती. मग एकदम विचारलं,
"तुमची पोर कुठं हाय, बाय?"
"हमरापूरला. आजीकडे."
"तुमच्याबिगर र्‍हाते?"
"राहते."
माझ्याकडे बघत राहिली. मग आपल्या आईला म्हणाली, "आये, मंदीला ठेव तुझ्याजवळ. बाय आपली पोर ठेवते, मंग वंगाळ काय नाय."
मंदा राहिली. तिच्यामागे आणखी काही पोरं राहिली. केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर माझं नाव घालून अभिनंदन टाकलं, खाली अंगठेच अंगठे.
इतकी वर्षं शिक्षणाचं महत्त्व सांगून घसा कोरडा केला. लोकांना पटलं ते हे.

रवि., ९ नोव्हें.
हमरापूर. सासूबाई शेजारच्या कारखान्यासाठी घरीच गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखतात. त्यांचा हात चालू असला की घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बाहेरदेशी जाणाऱ्या मूर्ती आत्तापासून रंगायला घेतल्यात. सईला त्यांनी उंदीर दिलेत रंगवायला. मांडी घालून, जीभ बाहेर काढून, एकामागून एक उंदीर. मी शेजारी बसले तर म्हणाली, "आई, हात लावू नको, ओला हाय."
"ओला आहे," मी म्हटलं.
"हां, आहे."
लगेच जीभ चावली मी. आठवड्यातून एक दिवस भेटते आणि त्यातही बाईच.
दुपारी वालाची आमटी होती. मी तिच्यापुरतं वेगळं वरण लावायला उठले. सासूबाई म्हणाल्या, "बस गो. खाते ती आता वाल." सई म्हणाली, "मला आवडतात. कधीपासून!" आणि दोनदा मागून घेतले. मला ठाऊकच नव्हतं.

बुध., १९ नोव्हें.
तपासणी. साहेब येऊन गेले. बागेत काय लावलं हे विचारलं, मुलं वाचतात का हे नाही.
संध्याकाळी सईला फोन. जेवलीस का, गृहपाठ झाला का, बाईंनी काय शिकवलं, केस धुतले का. सुधीर चहा पीत ऐकत होता. म्हणाला, "बोलतेस की हजेरी घेतेस?" हसलो दोघंही. नंतर मी उगाचच मोरी घासत बसले.

शुक्र., २१ नोव्हें.
मंदाला रोज शाळा सुटली की माझ्या फोनवरून आईशी बोलू द्यायचं, असा शब्द दिलाय. सुरुवातीला फोन कानाला लावून नुसती रडायची. मग बोलायला लागली. या आठवड्यात लागोपाठ दोनदा म्हणाली, "आयेला सांगा, मी खेलतंय." खेळत नव्हती. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती.
पलीकडे सुगंधा विचारत होती, "खेळते का? मंग बरं हाय." मी म्हटलं, हो, खेळतेय.
सईसुद्धा हल्ली फोन घेतला की दोन वाक्यांत म्हणते, "आजीला देते."

रवि., ३० नोव्हें.
जाता आलं नाही. प्रशिक्षण, तेही रविवारी. सुधीर एकटा जाऊन आला. सईने माझ्यासाठी एक उंदीर पाठवलाय, कान तुटलेला, विकायला चालणार नव्हता तो. "आईला दे, तिला ऑफिसात ठेवायला." शाळेला ऑफिस म्हणते ती.

रवि., ७ डिसें.
ठरवलं. सुधीरशी नीट बोलले. एप्रिलपर्यंत थांबायचं नाही, संक्रांत झाली की सईला रोह्याला आणायचं. इथल्या शाळेत नाव घालू. त्याची रात्रपाळी आणि माझी शाळा सांभाळून कसं करायचं ते करू. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, संध्याकाळी मी येईपर्यंत बसू द्या म्हणून. हो म्हणाल्या. खूप हलकं वाटलं.
दुपारी हमरापूरला सासूबाईंना सांगितलं. सई मैत्रिणीकडे गेली होती. त्या म्हणाल्या, "न्या गो. तुमचीच हाय ती. मी काय नाय म्हनते?" आणि ब्रश पाण्यात घालून ढवळत बसल्या. आज त्या आमच्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. माझ्या सासूबाई वाईट असत्या तर हे सगळं किती सोपं झालं असतं!
सईला अजून सांगितलं नाही. आधी सगळं पक्कं होऊ दे.

शनि., २० डिसें.
सईच्या शाळेचं स्नेहसंमेलन आणि आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा, एकाच दिवशी. स्पर्धा आमच्याच मैदानावर, म्हणजे मी यजमान. रजा मागायचा प्रश्नच नव्हता. तरी विचारलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नसाल तर कसं?"
कबड्डीची शिट्टी कानात, मांडव सुटतोय, जेवणाला वरण कमी पडलं, एका मुलाचा गुडघा फुटला. मध्येच नणंदेने सईच्या नाचाचा व्हिडिओ पाठवला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून साहित्याच्या खोलीत जाऊन दार लावून पाहिला. हिरवी नऊवारी, डोक्यावर टोपली. तिसऱ्या रांगेतून पुढे येते आणि समोर बघून हसते. आजी बसली असणार तिथे. रडू आलं, आवरेना. बाहेरून शिपाई ओरडला, "बाई, बक्षिसं!"
संध्याकाळी फोन. "सॉरी, सई."
"असू दे ना. आजी होती."

शनि., १० जाने.
मंदा नीट जेवत नाही. तिची आजी सांगत होती, "टेम्पो गेला त्या वळणावर जाऊन बसते, बाय. बोलाय गेलं का तोंड फिरवते." वर्गात वाचायला उभं केलं. आवाजच फुटेना. तीच मंदा.
मी सुगंधाला काही कळवलं नाही. कळवलं तर ती येऊन नेईल. संख्या कमी झाली की खुलासा मला द्यावा लागेल. आणि संख्या बाजूला ठेवली तरी, पोर भट्टीवर गेली की शाळा सुटलीच. हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून तर झोप लागत नाही.

बुध., १४ जाने.
संक्रांत. सुगंधा आली. न बोलावता, एसटी बदलत बदलत. हाताला विटांची लाल माती तशीच. कुणाकडून तरी तिला कळलं असणार. शाळेच्या फाटकातून आत आली नाही, तिथेच उभी राहिली. मंदाने तिला खिडकीतून पाहिलं. पळाली नाही. हळूहळू चालत गेली आणि जवळ पोचल्यावर आईला मारायलाच लागली, दोन्ही हातांनी, पोटात, कमरेवर. सुगंधा मार खात उभी होती. मग मंदा दमली आणि गळ्यात पडली.
मी तिळाची वडी घेऊन गेले. म्हटलं, "सुगंधा, तीनच महिने राहिलेत."
ती रागावली नाही. म्हणाली, "तुमची पोर र्‍हाते, बाय. माझी नाय र्‍हात."
मी अडवलं नाही. दोन पुस्तकं आणि पाटी मंदाच्या पिशवीत घातली. केंद्रप्रमुखांना फोन करून सांगितलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, मॅडम." नसेल.
दुपारनंतर काही सुचलं नाही. मंदा मारत होती ते सारखं डोळ्यांपुढे. सईने मला कधी मारलं नाही. एकदाही नाही. साधी रुसलीसुद्धा नाही कधी.

रवि., १८ जाने.
हमरापूर. आज सईला सांगायचंच असं ठरवून गेले. सुधीर आणि सासूबाई मुद्दाम बाहेर ओट्यावर बसले. मी तिची वेणी घालत होते, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. सांगितलं: नवी शाळा, खालच्या काकू, तुझं वेगळं कपाट, रोज आपण दोघी.
ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी घरी येईन तेव्हा तू असशील?"
"संध्याकाळी येईन ना."
"बाबा?"
"शिफ्ट असेल तसं."
"मग आजी येईल आपल्याकडे?"
"आजीचं काम इथे आहे, बाळा."
मी रिबन बांधली, सोडली, पुन्हा बांधली. म्हटलं, "तुला नाही यायचं का? खरं सांग. मी रागावणार नाही." तर मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिला माझी दयाच आली असावी. म्हणाली, "येते ना. तू सांगशील तेव्हा येते."
आनंद व्हायला हवा होता. नेमकी अशीच मान हलवतात मुलं वर्गात, बाईंनी विचारल्यावर, समजलेलं नसताना.
सासूबाईंना आत येऊन विचारायचं धैर्य झालं नाही. सुधीरला डोळ्यांनीच सांगितलं, नंतर.

रवि., २५ जाने.
उद्या झेंडावंदन, म्हणून आज जेमतेम दुपारपुरती गेले. नव्या शाळेच्या दाखल्याचं काम सुधीरने थांबवलंय. मीच सांगितलं थांबव म्हणून. पदोन्नती सोडून परत पेणला शिक्षिका म्हणून जाता येतं का, एका जुन्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, येतं, पण ते होईपर्यंत पोर पाचवीत जाईल. आणि वेडी आहेस का, इथवर पोचायला किती झिजलीस. तेही खरं. मला ही शाळा आवडते. लिहून ठेवते, कुणाला सांगवत नाही: मला हे काम आवडतं.
निघताना सई अंगणापर्यंत आली. माझ्या साडीचा पदर नीट केला, तिची आजी करते तसा. म्हणाली, "आई, पुढच्या रविवारी तुला यायला नाही जमलं तरी चालेल हां. तुला कामं असतात."
अजिबात रागाने नाही. समजुतीने, प्रेमाने म्हणाली.
मी म्हटलं, "येणार मी." ती म्हणाली, "बरं," आणि मी वळायच्या आत घरात गेली.